कुकाचा आरसा

सकाळी फरशीवर तांबडे ठिपके दिसले,
शेगडीपासून मागच्या दारापर्यंत,
मधेच एक अर्धगोल, मग पुन्हा ठिपके.
मला वाटलं, कानेलाला काही लागलं.
मेस्कीटचा काटा असेल. काबोर्काच्या या वाळूत
काट्यांना काय तोटा.

हाक मारली. आली. उताणी पडली.
चारही पंजे उलटसुलट करून पाहिले,
बेचक्यांत फुंकर घातली,
एक नखही दुखावलेलं नव्हतं.
ती उठली, माझ्याकडे बघितलं तिनं,
आणि मान खाली घालून
माझी डावी टाच चाटायला लागली.

चौतीस वर्षं या टाचेच्या भरवशावर मी क्लच दाबला,
द्राक्षांचे ट्रक सीमेपर्यंत नेले,
आणि ती फाटली तेव्हा
तिनं मला साधं कळवलंसुद्धा नाही.
भेग एवढी, की पेसोचं नाणं उभं राहावं.
दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणणारा मी,
ज्यानं जन्मभर दुखण्याला शिव्या घातल्या.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
माझ्या तळपायात आता आगच नाही,
मस्तकाला कळणार कुठून?

दवाखान्यात नर्स ओतिलिया आधी काही बोललीच नाही.
मग म्हणाली, "ब्लेडनं कातडी कुणी काढली?"
मी गप्प.
"दगडानं घासलं?"
दगडानंही.
"आणि कुत्र्याची जीभ म्हणजे मलम नव्हे, डॉन एलेउतेरियो."
तिनं नायलॉनचा एक धागा
तळव्यावर दहा ठिकाणी टेकवला.
"लागलं की हो म्हणा."
डोळे मिटून बसलो, परीक्षेला बसल्यासारखा.
दोनदाच हो म्हणालो.
त्यातलं एक तिला बरं वाटावं म्हणून.

भरायला सव्वादोन महिने लागले.
तेवढ्या काळात समोरचा नाबोर रोज येऊन बसायचा,
कुबड्या भिंतीला टेकवून.
त्याचा पाय गुडघ्यापासून गेला,
तोही अशाच एका भेगेतून,
दार उघडं टाकून कुणी न सांगता निघून जावं तसा.
त्याविषयी आम्ही बोललो नाही.
बेसबॉलविषयी बोललो.

आता रात्री पाणी कोमट करतो.
हात नाही, कोपर घालून बघतो आधी,
पोरांना न्हाऊ घालताना कुका बघायची तसं.
भिजत ठेवायचे नाहीत पाय, धुवायचे नि उचलायचे.
बेचक्या टिपून कोरड्या. टाचेला युरियाचं मलम,
बोटांच्या मधे मात्र नाही.
"म्हणजे शेतात फेकायचो तेच?" मी विचारलं होतं.
ओतिलिया त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मग आरसा.
कुकाच्या पर्समधला, शिंपल्यासारखा मिटणारा,
बिजागरीत अजून पावडर अडकलेली.
बारा वर्षं कुणी उघडला नव्हता.
याच्यात ती चर्चच्या दारापाशी, ट्रकमध्ये बसूनच,
ओठ नीट करायची, आणि मी हॉर्न वाजवायचो.
आता त्यात माझी टाच.
चष्मा लावून, दिव्याखाली, आडवातिडवा होऊन
तिच्या चेहऱ्याच्या जागी टाच बघतो मी.
माफ कर, म्हणतो. रोज नाही. कधीकधी.

सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटतो.
परवा त्यातून एक खडा पडला, हरभऱ्याएवढा.
आदल्या दिवशी मी त्याच्यासकट
बाजारापर्यंत जाऊन आलो असेन.
खडा खिडकीत ठेवलाय.

कुकाची एक तक्रार असायची:
तुझ्या टाचा चादरी उसवतात.
रात्री मी कूस बदलली की कापडाला
खर्र असा आवाज व्हायचा,
आणि ती झोपेतच म्हणायची, झालं, गेली आणखी एक.

काल रात्री कूस बदलली.
चादर अडकली नाही.
तेवढ्यानं जाग आली.