काय आहे की

धायरीत, तिसऱ्या मजल्यावर, खाली फ्लेक्सवाल्याचं दुकान,
टेबलाच्या आखूड पायाखाली
बीकॉमच्या मार्कशीटची झेरॉक्स, चार घड्या घालून.
इथे बसून मी खरमाळे सरांचे श्वास कापते.

व्हिडिओमागे चारशे. राज्यघटना, भाग एकोणतीस.
सर दर तिसऱ्या वाक्याला म्हणतात, 'काय आहे की',
आणि मी ते उचलून बाजूला ठेवते,
मेथी निवडताना काड्या ठेवाव्यात तसं.
दोन शब्दांत फट नको.
पोरं तेवढ्या फटीतून निसटतात, असं सरांचं म्हणणं.

परवा बेचाळिसाव्या मिनिटाला
कलम सांगता सांगता सर थांबले.
अकरा सेकंद. मार्कर उघडा, नजर खिडकीबाहेर.
मग, 'हं, कुठे होतो आपण?'
मेसेज आला: तेवढं उडवा.

उडवलं.
फाइलचं नाव 'शेवटचं', मग 'अगदी शेवटचं', मग 'शेवटचं सात'.
मार्चचे पैसे सोमवारी देतो म्हणालेत.
कुठल्या सोमवारी, ते कलम अजून शिकवलेलं नाही.
ते अकरा सेकंद मात्र मी पुसले नाहीत,
आहेत डेस्कटॉपवर, बिननावाचे.

रात्री बार्शीहून आईचा फोन.
'कायमचं कधी होणार गं तुझं?'
मी गप्प. सवयीने मोजलं जातं:
चार सेकंद. सहा. सात.
स्क्रीनवरची हिरवी पट्टी चौऱ्याऐंशी टक्क्यांवर अडकलेली,
खाली फ्लेक्सवाला शटर ओढतोय.
'काय आहे की, आई,'
मी म्हटलं.