गैरहजर

पदनाम पशुधन पर्यवेक्षक.
पण तांड्यापासून कोलाम पोडापर्यंत
सगळे मला डॉक्टरबाई म्हणतात
आणि मी कुणाला कधी दुरुस्त केलं नाही.
एवढ्या एका शब्दावर
रात्री दोनला मी गाडीला किक मारते.
त्याचं प्रवासबिल निघत नाही.

ॲप मला म्हणतं सातशे एकेचाळीस.
साडेनऊच्या आत चेहरा दाखव, ठिकाण दाखव.
रेंज फक्त टेकाडावरच्या मोहाखाली,
म्हणून दवाखान्यात हजर व्हायला
आधी दवाखाना सोडून जावं लागतं.

गाभण आहे का?
होय, नाही. चौकोन दोनच.
चौथ्या महिन्यात एक धमनी बोटाखाली थरथरते,
लांबून ट्रॅक्टर यावा
आणि आधी खाटेच्या पायाला कळावं, तशी.
ती ओळखायला खडतकर साहेबांच्या हाताखाली
मला दोन पावसाळे लागले.
तिला रकाना नाही.

बुधवारी लेतू आत्रामची गाय अडली.
वासराची मान मागे वळलेली.
खांद्यापर्यंत आत होते मी, गाल तिच्या मांडीला,
दोरीच्या फासाने जबडा शोधत,
आणि गवतात फोन वाजत होता, वाजत होता.
लेतूच्या पोरीनं उचलून समोर धरला.
चेहरा जुळत नाही.
डोळ्यांत घाम, केसांत शेण,
नसेलच जुळत.
दहा बाराला वासरू भुईवर पडलं, शिंकलं.
नऊ एकतीसपासून मी गैरहजर होते.

खुलासा मागवला.
सविनय सादर, यापुढे दक्षता घेण्यात येईल.
गाईचं वाक्य लिहून खोडलं,
विषयांतर वाटलं.

पलीकडच्या केंद्रावरचा भोयर शंभर टक्के.
त्याला प्रशस्तिपत्र मिळालं.
लबाड नाही तो; माझ्याहून त्याचा हात चांगला होता.
टेकाडावर खुर्ची नेऊन ठेवलीय त्यानं.

या महिन्यात मी अठ्ठ्याण्णव.
खरं सांगते, आकडा हिरवा झाला तेव्हा बरं वाटलं,
डॉक्टरबाई म्हटल्यावर वाटतं
जवळजवळ तसंच.

काल पुन्हा पोडावर.
लेतू म्हणाला, "तुमी आल्या म्हंजे झालं,
मंग कायची चिंता!"
मी घड्याळ पाहिलं.
एक हात आत, उबेत,
दुसऱ्याचा अंगठा काचेवर.
ओल्या बोटाला काच ओळखत नाही.
पदराला पुसला, परत दाबला.
तेवढ्यात आत थरथरलं की नाही,
सांगता येत नाही.

होयवर टेकवलं.