छाट

सातवीत होते. गल्लीत मराठी लिहिता येणारी
मी एकटीच, म्हणून अर्ज माझ्याकडे आला.
नरसव्वा अक्का तेलुगूत सांगत होती,
खैरुनबी आपल्या सोलापुरी हिंदीत मध्येच भर घालत होती,
आणि मी पाठकोऱ्या कागदावर
दोघींना एका ओळीत बसवत होते.

गोष्ट एवढीच होती.
दिवसाला हजार विड्या. मांडीवर सूप,
पत्र्याच्या फर्म्यावर कापलेलं पान,
चिमूटभर तंबाखू, मुडपलेलं तोंड, दोरा.
संध्याकाळी ब्रँचसमोर रांग.
चेकर कट्टा उचलायचा, उजेडाकडे धरायचा,
"ही जाड. ही सैल. हिचं तोंड उघडं."
दीडशे बाजूला. मजुरी
साडेआठशेची.
बाजूला काढलेल्या मागच्या दाराने आत जायच्या,
लेबल लावून घ्यायच्या,
आणि कुठेतरी कुणाच्या ओठात
चांगल्या जळायच्या.

हे सगळ्यांना माहीत होतं.
माहीत असणं आणि म्हणणं
यांच्यामध्ये ब्रँचचा उंबरा होता,
चपला बाहेर काढून ओलांडायचा.

मी लिहिलं, "नम्र विनंती आहे की"
शाळेत शिकवलेलं.
वाचून दाखवलं तेव्हा अंबव्वा चिलवेरी,
जी कधीच बोलायची नाही,
कात्री थांबवून म्हणाली,
"विनंती तर एकेकटीने केली वीस वर्षं.
एवढ्या जणी मिळून परत तेच करायचं?"

खोडलं. खोडलेल्याच्या वर लिहिलं,
"ठरलं आहे की
छाट काढलेली विडी आमच्यासमोर मोडायची."
एकच ओळ. पगारवाढ नाही, बोनस नाही.
खाली एकशे बारा अंगठे.
शाई संपली तेव्हा तव्याची काजळी तेलात कालवली.
रेषा झिजलेले अंगठे, नुसते काळे ठिपके.
पुढे रेशनच्या मशीनला ते कधीच ओळखू आले नाहीत.

चेकर हसला. "कायदा शिकवता काय मला?"
कुणी काही शिकवलं नाही.
रांग रोजच्यासारखी लागली,
फक्त टोपल्या कुणी पुढे केल्या नाहीत.
ट्रक आला, हॉर्न वाजवून रिकामा गेला.
एक दिवस. दोन. तिसऱ्या दिवशी
घराघरात ज्वारीचे डबे खरवडल्याचा आवाज.
चौथ्या संध्याकाळी त्याने
पहिली विडी दोन बोटांत धरून मोडली.
आवाज इतका बारीक
की मागच्या बायकांना ऐकूच आला नाही.
पुढचीने वळून सांगितलं, विरिगिंदि,
तिच्यामागचीने, टूट गई,
कोपऱ्यावर कुणीतरी कानडीत, मुरीतु,
आणि शेवटी उभ्या माझ्यापर्यंत ती आली,
मोडली.

त्या आठवड्यापासून छाट वीसावर उतरली.
समोर मोडायची म्हटल्यावर
चेकरचेच डोळे निवळले.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं.

पण राजमणी गुर्रम.
तिसऱ्या रात्री तिने मागच्या दाराने टोपली दिली होती,
पोराला ताप होता, औषधाला पैसे हवे होते.
कुणी भांडलं नाही तिच्याशी.
नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं,
तिची घागर पहिली असली तरी शेवटी जायची.
बायका पायाने सरकवायच्या, बोलता बोलता.
हे कुठे ठरलं होतं, कोणत्या कागदावर,
कुणाचे अंगठे होते त्याच्याखाली?
मला तर कुणी लिहायला बोलावलं नव्हतं.

सात-आठ महिने असेच गेले.
मग एका पहाटे, पाणी करंगळीएवढं असताना,
अंबव्वा उठली, आपली भरत आलेली घागर
नळाखालून काढली
आणि राजमणीच्या मागे नेऊन ठेवली.
काही बोलली नाही. तिची सवयच तशी.
थोड्या वेळाने खैरुनबी उठली.
मग नरसव्वा अक्का, गुडघ्यावर हात देत.

माझी आई जागची हलली नाही.
घागरीच्या गळ्यावर हात ठेवून
तशीच बसून राहिली,
आणि मी तिच्या शेजारी.