तिसरा रकाना

ऐरोलीत सेक्टर चारला, वाचनालयाच्या माडीवर
मंगळवारी-गुरुवारी साडेसहाचा वर्ग.
सात बायका, एक रिक्षावाले भोईरकाका,
आणि फळा नाही म्हणून लोखंडी कपाटाचं दार.
त्यावर खडूनं दोन रकाने आखले मी : कॅन. मे.
कॅन म्हणजे आपल्या अंगात असलेलं,
मे म्हणजे समोरच्याच्या हातात असलेलं.
बी.एड.ला मी असंच पाठ केलं होतं.

भोईरकाका म्हणाले, पॅसेंजर आधी आत बसतो,
पाय पसरतो, मग विचारतो, कॅन यू गो टू रबाळे.
हे अंगातलं का हातातलं?
ती विनंती, मी म्हटलं.
ते म्हणाले, बरं.

सुगंधा केणींनी पेन्सिल अंबाड्यात खोचली.
"पोहता येतं, ते कुठल्या रकान्यात?"
कॅन.
"पण ते तर आलं ना, आपलं आपण.
बापानं खाडीत सोडलं, नाकात गढूळ पाणी गेलं,
आणि आलं. चिंबोरी धरायला आली तसंच.
मला रडू येतं, ते पण कॅन?"
वर्ग हसला.
मी खडू शोधत राहिले, हातातच होता.

मग वाक्यं करायची होती, प्रत्येकी दोन.
त्यांनी उभं राहून एकच केलं :
मे आय क्लीन.
काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
त्या दारात मॉप टेकवून विचारतात रोज,
आतली मीटिंग मान वर करत नाही.
"हो नाही म्हणत. नको पण नाही म्हणत.
बादलीतला फेस बसेपर्यंत मी उभी.
याला काय म्हणायचं?"
मस्ट पुढच्या आठवड्यात आहे, मी म्हटलं.

"त्याच बिल्डिंगखाली आमचं मीठ पिकायचं,"
तक्रार नव्हती, पत्ता सांगावा तसं म्हणाल्या.
"तिथं जायला कुणाला विचारल्याचं आठवत नाय.
विचारायचं ते भरतीला."

मी दारावर तिसरा रकाना आखला.
वर काय लिहावं ते ठरेना.
खाली वाचनालयाचे शिपाई किल्ल्या वाजवू लागले.
मे आय गो, भोईरकाकांनी विचारलं, अगदी बिनचूक,
आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

सुगंधाताईंनी चपला घातल्या,
वही पिशवीत, पिशवी खांद्याला.
विचारलं काहीच नाही.
अर्ध्या जिन्यावरून, मागे न बघता,
नुसतं म्हणाल्या,
"येते."