वजनाला खोटी

भोईवाड्यातल्या लॅबमध्ये, मेणाच्या दिव्यामागच्या फळीवर
माझी एकोणचाळीस कासवं.
सगळ्यात मोठं आगपेटीएवढं,
सगळ्यात धाकटं तुरीच्या दाण्यावर बसेल.

पितळी नाहीत. पाण्याच्या बशीत
उत्तरेकडे तोंड करून बरकत आणणारी नाहीत;
तसलं नणंदेने दोनदा दिलं, दोनदा मी
कुणाच्या तरी वास्तुशांतीत पुढे ढकललं.
देवळातलंही नको, पावलांनी डोळे पुसून गेलेलं.
मला नख हवं. मानेची सुरकुती हवी.
नाकाला टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं हवीत.

चोरबाजारात शफीकभाई मला बघताच भिंग काढून ठेवतो.
'बाई, पन्नास रुपयांच्या रबरात मोजता काय?'
पाट्या मोजते, पाठीवरच्या.
चांदणी कासवाला मध्ये पाच, बाजूंना चार-चार.
तेरा भरल्या तर पर्स उघडते.
समुद्रातल्या रिडलीचं तसं नाही,
तिच्या बाजूंना सहा, कधी सात,
कधी डावीकडे सात नि उजवीकडे सहाच.
साच्यातली मात्र दोन्हीकडून सारखी.
तिथेच पकडली जातात.

हे मला कवळ्यांनी शिकवलं.
अठ्ठावीस दात, अक्कलदाढ कुणी मागत नाही,
ओळीत फार सरळ बसले
की माणूस हसतो आणि दुकान दिसतं.
म्हणून एखादा सुळा मी जरा कलता ठेवते
आणि डॉक्टर बामजींना सांगत नाही.

मार्चमध्ये वेसाव्याचे वैती आले दाताचा रंग ठरवायला.
तोंडात एकही नव्हता, 'स' म्हणजे नुसता वारा.
मी रंगाची पट्टी ओठाशी धरलेली,
त्यांचं लक्ष माझ्या जर्मन रिडलीवर,
भिशीच्या पैशातून घेतलेल्या.
उचलली. उताणी केली.
पोट अंगठ्याने दाबलं, पापलेट दाबतात तसं.
'नख बराबर. चोच बराबर.
पण वजनाला खोटी हाय गो ही.
एकदा जाल्यातनं सोडवलेली मी, दोघं लागलो उचलायला.
नि पाठ एवढी सोवळी?
आमच्या होडीच्या बुडाला जे जे चिकटतं
ते सगलं असतं खरीच्या पाठीवर.'

मी म्हटलं, आई सांगायची,
कासवी दुरून नुसत्या नजरेने पिल्लं पोसते.
हे नाही सांगितलं, की तेवढं खरं धरून
रोज सकाळी दिवा पेटवण्याआधी
मी एकेकाकडे बघत आले आहे, एकवीस वर्षं.

वैती हसले, दोन्ही हिरड्यांनी.
'नजर कसली? रात्रीची येते, खड्डा करते,
घालते, बुजवते, पाण्यात जाते.
मान वलवत नाय.
आई कोन, पोरांना म्हाईत नसतं. तरी पोचतात.'
मग टोपी डोक्यावर नीट करत,
'थोडीच.'

त्या रात्री रिडलीच्या पोटाला ड्रिलने भोक पाडलं,
दातात भरायच्या जुन्या चांदीचा चुरा आत ठासला.
पाठीवर वैतींच्याच साच्यातला उरलेला पांढरा मसाला
सुईच्या टोकाने, शिंपले होतील असा.
डावीकडे सातवी पाटी कोरताना
हात हलला, रेघ कडेपर्यंत गेली.
राहू दिली.

कवळी न्यायला आले तेव्हा त्यांनी
खिशातून सुक्या बोंबलाचा तुकडा काढून चावला.
'बसली.'
सुळ्याबद्दल काही बोलले नाहीत,
जीभ मात्र दोनदा फिरवली तिथे.
मग रिडली तळहातावर घेतली, वरखाली केली,
रेघेवरून नख नेलं.
'हां. आता जाल्यात सापडायच्या लायक झाली.'
प्रत्येक 'स' जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पेटवला.
कुणाकडेच बघितलं नाही.
निदान दुपारच्या डब्यापर्यंत.