दोन डबे

नागपूरला गाडी बारा मिनिटं थांबते.
त्यातली नऊ बेस किचनचा माल मोजण्यात जातात:
व्हेज चौदा, नॉनव्हेज सहा, बिनसाखरेचे दोन,
दह्याचे कप, आणि चांदीच्या कागदातल्या पोळ्या,
ज्यांना मी रोटी म्हणतो,
एच-वनमध्ये पोळी कोणी मागत नाही.
उरलेल्या तिनात मोनाली येते
संत्रा मार्केटकडच्या दारानं,
सायकल कोणाच्या तरी भरवशावर टाकून.
"बाबा, आडवा नका धरू, रस्सा पातळ झालाय."
एवढंच. मग शिट्टी.

अजनी मागं पडली की सूप.
सूपसोबत दोन काड्या.
इतकी वर्षं वाढतोय म्हणून सांगतो,
सवयीचे लोक काडी आधी मोडतात, मग खातात.
पहिल्यांदा आलेले
तिच्याकडे बघून घेतात, मग माझ्याकडे.

कूपे सी. तक्त्यावर नाव: के. मल्होत्रा, स्त्री, ७१.
दिल्लीपासून नुसता चहा, तोही अर्धा.
दुपारचा ट्रे झाकणासकट परत.
"नहीं बेटा, मन नहीं है."
सूपही नको म्हणाल्या. मी दार ओढून घेतलं,
पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात उभ्यानं माझा डबा उघडला.
पाटोडी रस्सा.
वर तेलाची तर्री, खाली काळा मसाला,
आणि एसीच्या वाऱ्याला काय,
तो वास घेऊन सरळ आत गेला,
तिकीट नसताना.

बेल वाजली. कूपे सी.
"कुणाच्या घरचं हाये?"
मी ऐकतच राहिलो.
हजार किलोमीटर हिंदीत बसलेली बाई.
"माझ्याच, मॅडम. गोळीबार चौक."
"आण मंग."

कंपनीच्या पांढऱ्या वाटीत
तो रस्सा फार काळा दिसत होता.
चमचा ठेवला, तो तसाच राहिला.
पाटोडी बोटांनी मोडली,
एक घास, डोळ्यांत पाणी. मी बाटली पुढे केली.
हातानंच नको म्हणाल्या.
दुसरा घास.
मग, परीक्षेचा पेपर तपासावा तशा:
"जवस कमी हाये."

कुठल्या, कोणाच्या, मी विचारलं नाही.
आम्हाला तसं शिकवलेलं नसतं.
त्यांनीच विचारलं, माग चालतो का घरी?
म्हटलं, आज्याचा होता.
मागाचा खड्डा बुजवला,
आता त्यावर फ्रिज आहे.
"फ्रिज," त्या म्हणाल्या,
आणि वाटी पुसून घेतली रोटीनं,
पोळीनं.

तोवर कूपे ए-मधले साहेब दारात.
मसाल्याचा वास, गुदमरतंय, हे काय चाललंय,
पैसे आम्ही कशाचे भरतो.
त्यांचं चुकलं असं नाही,
आठ हजारांच्या तिकिटात
गोळीबार चौक कुठेच लिहिलेला नाही.
मी सॉरी म्हटलं, फवारा मारला,
आता डब्यात संत्र्याचा खोटा वास
आणि खाली तो खरा.

पहाटे त्या कधी उतरल्या कळलं नाही.
बडीशेपेच्या ताटलीत टीप नव्हती.
वाटी मात्र धुतलेली, बेसिनशी पालथी,
जसं दुसऱ्याच्या घरी जेवल्यावर
आपल्याकडच्या बाया ठेवतात.

परतीला मॅनेजरनं कागद दिला:
परसराम हेडाऊ, खुलासा द्या.
पदार्थाचे नाव, प्रमाण, तक्रारीचे स्वरूप.
मी लिहिलं, पाटोडी रस्सा, एक वाटी.
स्वरूपाच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसलो,
आणि दोन तक्रारी होत्या म्हणून दोन्ही लिहिल्या.

पाचशे कापले.
घरी सांगितलं तर सुलोचना पाचशेवर काहीच बोलली नाही.
"जवस कमी? कोण म्हणे ते?
तिची माय का वाटून देत होती माह्या पाट्यावर?"
भांडी आपटली. दिवा मालवला.
मग अंधारात, बऱ्याच वेळानं:
"थोडं कमीच झालं होतं म्हणा.
डब्यात तेवढंच होतं."