उघाडी

सबनीस साडेबाराला आले,
पाम बीचवरून वळताना दोनदा चुकले म्हणाले.
करावे गाव आता इमारतींच्या पाठीमागे आहे,
चुकणारच.
अध्यक्षांच्या पंचाहत्तरीला चरित्र निघतंय,
पहिलं प्रकरण जडणघडण.
तेवढ्यापुरता मी.

त्यांनी फोन ताटाशेजारी पालथा ठेवला,
आकडे पळताना दिसले तर माणसं जपून बोलतात, म्हणाले.
बायको म्हणाली, आदी जेवा, मंग ईचारा.
जिताड्याचा रस्सा, तांदळाची भाकर,
कैरी घातलेली कोलीम.
जिताडा मिळतो हल्ली?
मिळतो. तळ्यातला.
खाडीतल्याला डिझेलचा वास येतो.

कंदिलाखाली अभ्यास करायचे का ते?
रॉकेल असलं तर करायचा.
वाचनाची आवड?
पुड्यांचे कागद वाचायचा, पुडी सोडायच्या आत.
मुकादमाची वहीही वाचायचा, उलटी, समोर उभा राहून,
आणि गोण्या कमी लागल्या की आमच्या बापांना सांगायचा.
नेतृत्वगुण?
मी जिभेवरचा काटा काढत होतो.

मग म्हणाले, पहिलं भाषण कधी केलं त्यांनी?

हे मला पक्कं ठाऊक होतं.
बारा वर्षांचा असताना. चावडीत.
भादव्यातली अवस, मध्यरात्रीचं उधाण.
कुणीतरी उघाडीची फळी काढली होती,
पाण्याबरोबर आत येणाऱ्या जिताड्यासाठी,
आणि पाग हातात धरून बांधावरच झोपला होता.
सकाळी अकरा घरांचं भात खाऱ्या पाण्यात उभं,
दाणा भरत आलेला.
दुपारी एका पोराला धरून आणलं,
पाग त्याच्या बापाचा निघाला म्हणून.

तेव्हा हा उठला.
पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल सुकलेला.
म्हणाला, पोराला मारून पाणी गोडं होत नाही.
म्हणाला, फळी कुजली होती हे तुम्ही सगळे
आषाढापासून बघताय.
एक म्हातारी रडायला लागली, तिचंच शेत सगळ्यात आधी गेलेलं.
पन्नासाचा दंड पंचवीसवर आला.

सबनीसांचा घास हातातच राहिला.
पोराला मारून पाणी गोडं होत नाही!
अहो, हे तर प्रकरणाचं शीर्षक.
आणि मग, सहज,
तो मुलगा कोण होता?

बायकोची पळी रश्श्यात थांबली.
लग्नानंतर चौथ्या वर्षी सांगितलं होतं तिला, एकदाच.
म्हटलं, नाव राहिलं नाही ध्यानात.
डोकं घ्या जिताड्याचं, चव तिथेच असते.

भाषण खरंच चांगलं होतं त्याचं.
मी खांबाला टेकून ऐकत होतो, गाल सुजलेला,
आणि मलाही पटत चाललं होतं
की त्या पोराला सोडून दिलं पाहिजे.
पाग मी दिला होता. तेवढं खरं.
मागणाऱ्याचं नाव मला कुणी विचारलं नाही,
विचारलं असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे.

पुढे साठ वर्षं तो बोलत आला,
सिडकोच्या दारात, पावसात, पोलिसांच्या गाडीवर उभा राहून,
आणि कुठेही आवाज चढला की
मी आधी त्याच्या पायांकडे बघायचो.
माझ्या प्लॉटचा कागद त्यानेच घरी आणून दिला.
चहा झाला. बशी त्याने स्वतः विसळली.
अवसेचं नाव दोघांनी काढलं नाही.

मोरीपाशी हात धुताना सबनीस म्हणाले,
तुम्ही एकाच वर्गात ना?
सहावीपर्यंत.
मग?
मग मी मिठागरावर गेलो.
घरी पंचवीस रुपयांची नड होती.

फोन आत, ताटाजवळ राहिला होता.
टॉवेल हातात धरून ते उभेच राहिले.
आतून बायको विचारत होती,
उरलेला रस्सा डब्यान देऊ का?